एमएमएवाल्याचा ठोसा बॉक्सरपेक्षा जड? कुठल्या मशीनवर?

गिरणगावचा_जॅब
काल रात्री ठाणे_ग्रॅपलर यांची पोस्ट वाचली आणि झोप उडाली, तिथे उत्तर लिहायला घेतलं तर फारच लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: भाऊंचं म्हणणं असं की एमएमएवाले (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मारामारी) बॉक्सरपेक्षा जोरात मारतात. पुरावा काय, तर एमएमएतल्या फ्रान्सिस एन्गानूने 2017 मध्ये ठोसा मोजायच्या मशीनवर 1,29,161 काढले, म्हणजे गाडीने उडवल्यासारखा पंच. आणि वर शेवटची ओळ, "बॉक्सिंग म्हणजे हाताला उशा बांधून केलेली मारामारी."

उशा. बरं.

आधी तो आकडा घेऊ. कसले 1,29,161? किलो? न्यूटन? तो त्या मशीनचा स्वतःचा हिशोब आहे, बाहेर त्याला काही अर्थ नाही. मॉलमधल्या गेम झोनमध्ये तो लाल बॉल लटकत असतो ना, त्यावर माझ्या भाच्याने पळत येऊन खांद्याने धक्का दिला आणि माझ्यापेक्षा जास्त स्कोअर काढला, तो अकरा वर्षांचा आहे. त्याला आता टायसन म्हणू का? जोशुआ, वाइल्डर, फ्युरी या हेवीवेट बॉक्सरांना त्याच मशीनसमोर त्याच दिवशी उभं करून मोजलंय का कुणी?

दुसरं, एन्गानू मुळात बॉक्सर व्हायला कॅमेरूनहून पॅरिसला आला होता. 2013 साली, खिशात काही नसताना. एमएमए त्याला तिथे गेल्यावर दाखवलं लोकांनी. म्हणजे तुमचा हुकमाचा एक्का आमच्या गल्लीत यायला निघाला होता.

आणि तिसरं, जे तुम्हाला कळतच नाही, पंच हातात नसतो. मी लालबागला शिकलो तेव्हा आमचे सर मागच्या टाचेखाली काडेपेटी ठेवायचे. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, मग सर वाकून काडेपेटी उचलून बघणार. चेपली असेल तर टाच खाली टेकली, म्हणजे पाय वळला नाही, कंबर फिरली नाही, नुसता हात गेला. पुन्हा वीस. पहिले दोन महिने मी रोज एक काडेपेटी घरून न्यायचो, आईला वाटलं पोरगा विड्या ओढायला लागला. पायापासून कंबर, कंबरेतून खांदा, मग मूठ, हे एवढं सगळं एका क्षणात लागायला वर्षं जातात, आणि बॉक्सर दुसरं काही करतच नाही. तुम्ही सकाळी कुस्ती, दुपारी जुजुत्सु, संध्याकाळी किक, उरलेल्या वेळात पंच. कोण जोरात मारेल?

8 मार्च 2024, रियाध. एन्गानू विरुद्ध जोशुआ. दुसऱ्या राउंडमध्ये झोपला, त्याआधी दोनदा खाली बसून आला. गाडीलाच ट्रकने उडवलं म्हणायचं.

ठाणे_ग्रॅपलर
व्वा, अख्खा धागा माझ्यासाठी, धन्य झालो. आता सोयीस्कर विसरलेलं आठवून देतो. 28 ऑक्टोबर 2023, तेच रियाध, तोच एन्गानू, आयुष्यातली पहिली प्रोफेशनल बॉक्सिंग मॅच, समोर टायसन फ्युरी. तिसऱ्या राउंडला लेफ्ट हुकने फ्युरी जमिनीवर. फ्युरी जिंकला तो स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे एका जजला तरी एन्गानूच जिंकलाय असं वाटलं. तुमच्या रिंगमध्ये, तुमचे ग्लोव्ह्ज, तुमचे नियम. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या माणसाने मालकाला खुर्चीवरून पाडलं, आणि तुम्ही त्याच्या पुढच्या महिन्याचा पगार दाखवताय.

ग्लोव्ह्जचं बोला ना. 147 पौंडांच्या वर तुमचे 10 औंस, आमचे 4. बोटं उघडी. तोच पंच, तोच माणूस, लागताना फरक पडणार की नाही? म्हणून उशा म्हणालो. झोंबलं तर पाणी प्या.

आणि जेम्स टोनी आठवतो का? 2010, बॉस्टन. बॉक्सिंगमध्ये वेगवेगळ्या वजनांत चॅम्पियन झालेला माणूस. एमएमएवाल्या रँडी कुटूरने सुरुवातीलाच पाय धरून खाली घेतला आणि पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून टॅप करवलं, म्हणजे हार मानायला लावली. कुठे गेली काडेपेटी?

गिरणगावचा_जॅब
प्रश्न काय होता? जोरात कोण मारतं. टोनीला पाडला म्हणून कुटूर जोरात मारतो असं सिद्ध झालं का? माझी आजी चकली चांगली करते म्हणून बॉक्सिंग वाईट, असं झालं हे. आणि टोनी काढलाच आहे तर रे मर्सर पण काढतो. 2009, वय 48, निवृत्तीचं वय झालेला बॉक्सर, एमएमएची मॅच, समोर टिम सिल्व्हिया, यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, माजी हेवीवेट चॅम्पियन. एक उजवा. 9 सेकंद. चहात साखर विरघळत नाही तेवढ्यात.

ठाणे_ग्रॅपलर
आणि त्याच मर्सरला 2007 मध्ये एमएमएत किम्बो स्लाइसने गिलोटिनमध्ये, मान काखेत आवळून, धरलेलं ते?

गिरणगावचा_जॅब
पुन्हा गळा. भाऊ, तुम्हाला पंच या शब्दाचा अर्थ माहितीय ना?

तात्या_तालीम
दोघांचं वाचतोय सकाळपासून. एन्गानू, कुटूर, सिल्व्हिया, एक तरी नाव आपलं आहे का? 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ते कुणाला आठवत नाही. गिरणगावात गल्लोगल्ली तालमी होत्या, आता तिथे टॉवर आणि टॉवरच्या चौथ्या मजल्यावर एसी जिम, तिथे पोरं आरशासमोर हवेत पंच मारतात. कोल्हापूरचा एक पैलवान आणून उभा करा, ठोसा बसायच्या आत पट काढेल, पाय धरून खाली घेईल.

ठाणे_ग्रॅपलर
तात्या तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, कळतंय ना? यूएफसीत पहिला भारतीय भरत खंडारे, 2017, शांघाय, तो कुस्तीतूनच गेला.

तात्या_तालीम
मी कुणाच्या बाजूने नाही. तो हरला ना?

ठाणे_ग्रॅपलर
हो.

तात्या_तालीम
माती सोडली की असं होतं.

हाडांची_डॉक्टर
ग्लोव्ह्जबद्दल दोघंही अर्धवट बोलताय म्हणून मध्ये पडते. ग्लोव्ह डोक्याला वाचवायला नसतो, हाताला वाचवायला असतो. हात बांधलेला आणि वर जाड ग्लोव्ह असला की माणूस बिनधास्त पूर्ण ताकदीने कवटीवर मारतो, तेही 12 राउंड. उघड्या मुठीने तसं मारलं तर करंगळीच्या खालचं लांब हाड मानेशी मोडतं, त्याला आम्ही बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतो, आणि गंमत म्हणजे तो आमच्याकडे बॉक्सरपेक्षा बाकीच्यांनाच जास्त होतो. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसून बघा. सगळे म्हणतात बाथरूममध्ये घसरलो. मूठ आवळून कसे घसरलात, असं विचारलं की मग भिंत येते, मग भिंतीचं नाव येतं.

त्यामुळे 10 औंसाला उशी म्हणणं चूक आहे. 4 औंसाने धक्का धारदार लागतो, कातडी लवकर फाटते, मान्य. पण मेंदू हलतो तो दोन्हीत हलतो.

विरारफास्ट
डॉक्टर मॅडम तुम्ही माझीच गोष्ट सांगितलीत. दादरला विरार फास्ट पकडलेली, दारात एकाशी वाजलं, त्याने माझी बॅग खेचली, मी डोकं फिरून पंच मारला तो त्याला लागायच्या ऐवजी दारातल्या मधल्या दांड्याला. आवाज असा आला की भांडणारा पण म्हणाला "अरे रे". मग त्यानेच मला धरून उभं केलं, कुणीतरी चौथ्या सीटवर जागा दिली, भाईंदरपर्यंत सगळा डबा माझा हात बघत होता. सहा आठवडे प्लास्टर. त्या माणसाशी अजून गुड मॉर्निंग चालू आहे.

मुद्दा असा की लोकलमध्ये पंच बसतच नाही. कोपर मागे न्यायला गेलं की मागे कुणाचं तरी पोट, पाय तर तुमचा तुम्हालाच सापडत नाही. काडेपेटीवाले सर बरोबर बोलतात, पाय नाही तर पंच नाही.

बोरिवलीकर_बिचारा
विरार फास्टचं नाव काढलंत तर ऐका. दादरहून चढलो, बोरिवलीला उतरायचं होतं, दारातल्या मंडळाने उतरू दिलं नाही, "बोरिवलीची गाडी नव्हती का तुला" म्हणत थेट भाईंदर. ताकद मोजायची तर ती मोजा! तिथे एन्गानू आला तरी भाईंदरलाच उतरणार.

विरारफास्ट
बोरिवलीला दहा गाड्या सुटतात, त्या सोडून तुम्ही आमच्यात घुसणार, आणि अर्ध्या तासात उतरायला सगळ्यांना बाजूला करणार. आम्हाला तासभर उभं राहायचं असतं हो.

बोरिवलीकर_बिचारा
गाडी काय तुमच्या बापाची आहे का?

विरारफास्ट
बाप काढायचं काम नाही.

सोनल_मुलुंड
सेंट्रलवाल्यांना हसू येतंय. तुमच्या दारात निदान भांडायला तरी हात हलतो. कल्याण फास्टला हात वर असेल तर वरच राहतो, खाली असेल तर खालीच, मी एकदा कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कान खाजवायची वाट बघत होते. आणि लेडीज डब्यात पंच नसतो, तिथे कोपर असतं. चार इंचात बसतं, दिसत पण नाही, आणि वर "सॉरी हं". मी दोन वर्षं किकबॉक्सिंग केलंय, कोपर शिकवायला घेतलं तेव्हा कोच म्हणाले तुला आधीपासून येतं.

ठाणे_ग्रॅपलर
सोनल, हाच तर माझा मुद्दा! क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना चिकटून, जागा नसताना, पाय रोवलेला नसताना जो मारतो तो एमएमएवाला. बॉक्सरला जागा लागते, रेफरी लागतो, चिकटले की सोडवायला माणूस लागतो. लोकलमध्ये रेफरी कोण, टीसी?

गिरणगावचा_जॅब
चिकटून मारणं बॉक्सिंगमध्ये नाही हे कुणी सांगितलं? आतून बरगडीत मारलेला छोटा हुक खाऊन बघा, श्वास शोधत बसाल. 2017 ला वरळीला विजेंदरची मॅच बघायला गेलो होतो, चिनी बॉक्सरबरोबर. टीव्हीवर ऐकू येत नाही तो आवाज, ओली गोणी आपटल्यासारखा. गुणांवर जिंकला, कुणी झोपलं नाही, पण तो आवाज ऐकल्यावर उशा हा शब्द तोंडात येणार नाही तुमच्या.

ठाणे_ग्रॅपलर
गुणांवर. म्हणजे एवढा आवाज होऊन समोरचा शेवटपर्यंत उभाच. धन्यवाद.

गिरणगावचा_जॅब
तुम्ही कधी स्वतः ग्लोव्ह्ज घालून उभे राहिलायत का, की नुसतं मोबाइलवर रील्स बघून ज्ञान पाजळताय?

ठाणे_ग्रॅपलर
सहा वर्षं मॅटवर आहे. नाकाचं हाड दोनदा. डाव्या कानाची सुजून फुलकोबी झालीय, फोटो टाकू? तुम्ही शेवटचं स्पारिंग कधी केलंत, गिरण्या चालू होत्या तेव्हा?

हाडांची_डॉक्टर
कानाचा फोटो नको. सुजला तेव्हाच रक्त काढून घेतलं असतं तर फुलकोबी झाली नसती, हे कोच लोक का सांगत नाहीत देव जाणे.

गिरणगावचा_जॅब
ठीक आहे, सहा वर्षं म्हणजे रील्सवाले नाही, तो शब्द मागे घेतो. माझं सांगतो मग, खरं खरं. चार वर्षांपूर्वी मित्राच्या आग्रहाने एका एमएमए क्लासला गेलो, म्हणलं बघू. पहिल्या दिवशी पॅड्सवर सगळी पोरं थांबून बघत होती, आवाजच तसा निघत होता, छाती फुगली. मग स्पारिंग. मी नेहमीसारखा उभा, वजन पुढच्या पायावर, आणि समोरच्या पोराने, असेल विशीचा, त्याच पायाच्या पोटरीवर किक घातली. एक. दुसरी घातली तेव्हा पाय लाकडाचा झाला. तिसऱ्याला मी पाय उचलला आणि नेमका तेव्हाच क्रॉस मारला, तर त्या क्रॉसमध्ये काहीच नव्हतं, म्हणजे खरंच काही नव्हतं, पोराने डोळा पण मिटला नाही. मग तो खाली वाकतोय असं वाटून मी मागे सरलो तर वरून पंच. घरी जिना चढताना कठडा धरून गेलो.

त्यामुळे एवढं मान्य की तुमच्या पिंजऱ्यात आमचा पंच पूर्ण निघत नाही, कारण पाय मोकळा मिळत नाही. पण मग तुमचा पण निघत नाही ना! तुम्ही पण लांब उभे, छाती समोर, अर्धं लक्ष पायांवर. म्हणून म्हणतो, नुसता ठोसा मोजायचा तर ज्याला पाय रोवू देतात त्याचाच जड.

ठाणे_ग्रॅपलर
अर्धा तास टाइप करून शेवटी माझ्याच घरी आलात. ठीक आहे, मी पण देतो थोडं: रिकाम्या बॅगवर, समवजनाचे दोघं, बॉक्सर जास्त जोरात मारेल, बहुतेक वेळा. एन्गानू सोडून. 1,29,161 मी परत काढणार नाही, पण "उशा" मागे घेणार नाही.

तात्या_तालीम
पट कुणी शिकवतं का तुमच्या क्लासला? की व्हिडिओ बघूनच?

ठाणे_ग्रॅपलर
या तात्या रविवारी, तुम्हीच शिकवा. जॅबसाहेब, तुम्ही पण या, बॅग आहे, पॅड्स आहेत, किक मारणार नाही म्हणून वचन देतो. काडेपेटी घेऊन या.

गिरणगावचा_जॅब
येईन. पोटरीला गार्ड बांधून येईन. ठाण्याला स्लो धरू की फास्ट?

सोनल_मुलुंड
रविवारी मेगाब्लॉक आहे का बघा आधी.

बोरिवलीकर_बिचारा
आणि विरार फास्टच्या दाराचं काय ठरलं? तो विषय अर्धाच राहिला.

विरारफास्ट
उद्या दादर, नेहमीची गाडी, मधला दांडा सोडून कुठेही उभे राहा. बोरिवलीला उतरवतो तुम्हाला. बॅग पुढे घ्या फक्त.