‘सहभाग’ की ‘वाटा’? कारखान्याच्या पत्रकासाठी शब्द हवाय

चाकण फेज टू: चाकणच्या एका कारखान्यासाठी कामगारांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘वर्कर पार्टिसिपेशन’ला ‘व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग’ लिहून मोकळी झाले. घटनेत १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने अनुच्छेद ४३क आला, तोही याच विषयावरचा, आणि सरकारी कागदांत शब्दही हाच. म्हणून निर्धास्त होते. बाबांना वाचून दाखवलं. ते पिंपरीत एका कंपनीत होते, काही वर्षं वर्क्स कमिटीवरही. म्हणाले, “सहभाग होताच की आमचा. कँटीनच्या उसळीत.”

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे अशी कमिटी नेमायला लावायची सोय होती. कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी नकोत, हेही त्यात होतं. पण बाबांच्या बैठकांत वर्षभर विषय तेच: चहा पातळ आहे, सायकल स्टँडवर पत्रा टाका, हातमोजे लवकर फाटतात. नवं मशीन येणार हे त्यांना क्रेन गेटात शिरली तेव्हा कळलं. मग याला सहभागच म्हणायचं का?

कोथरूडची मावशी: शब्दाची परीक्षा क्रियापदावर घ्यावी. सहभाग आपण ‘नोंदवतो’. रक्तदान शिबिरात, प्रभातफेरीत, हळदीकुंकवाला. म्हणजे बोलावणारा कुणी दुसरा, आपण गेलो, सही केली, आलो. (‘सहभाग घेतला’ हे तर लिहूच नका. भाग घ्यावा किंवा सहभागी व्हावं. माझं हे रडगाणं जुनं आहे.) वाटा मात्र मागतात, मिळतो, नाकारतात, त्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात. गंमत म्हणजे तोच शब्द देण्याकडूनही चालतो: खारीचा वाटा, वाटा उचलणे. घेणं आणि देणं दोन्ही एकाच शब्दात, आणखी काय हवं? ‘कारभारात कामगारांचा वाटा’ लिहा.

पाटाचं पाणी: ‘भागीदारी’ का नको?

कोथरूडची मावशी: भागीदारी म्हटलं की भांडवल, करारनामा आणि तोटासुद्धा.

पाटाचं पाणी: मान्य. आमच्याकडच्या साखर कारखान्याचंच घ्या. सहकारी म्हणतात, पण सभासद कोण, तर ऊस घालणारा शेतकरी. निवडणुकीत त्याचं मत. उसाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्याला मत नाही. ‘सहकार’ शब्दातला ‘सह’ कुणाच्या सोबतचा, हे आधी विचारायला हवं.

रानड्यात जर्मन: जर्मन लोक याला ‘मिटबेस्टिमुंग’ म्हणतात. ‘मिट’ म्हणजे सोबत, ‘बेस्टिमेन’ म्हणजे ठरवणं. नुसतं हजर राहणं नाही, सोबत बसून ठरवणं. त्यांचा मोठा कायदाही १९७६चाच. दोन हजारांहून जास्त कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षाला दुसरं मत असतं, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा. म्हणजे निम्म्याला किंचित कमीच. तरी चहाच्या पुढे बरंच. त्यांच्या ‘श्टिमं’ या शब्दाचा अर्थ आवाजही आणि मतही. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आवाज ऐकला आणि मत विचारलं नाही, असं सहज होऊ शकतं. मी ‘सहनिर्णय’ सुचवेन.

कोथरूडची मावशी: ‘सहनिर्णय’ शॉप फ्लोअरवर एकदा मोठ्याने म्हणून बघा. पाना हातातून पडेल.

मार्केट यार्ड: एवढ्या लांब जाताय, इथला शब्द विसरलात. पंचायत! बाबा आढावांची हमाल पंचायत, १९९३ची कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. युनियन, संघटना हे शब्द होतेच, तरी पंचायत घेतला. पुढे कचरा गोळा करणाऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाही त्यातूनच उभी राहिली. तिथे मालक कुठला? कचरा उचलणारीच सभासद. युनियन म्हटलं की समोर मालक दिसतो. पंचायत म्हटलं की माणसं गोल बसलेली दिसतात.

पाटाचं पाणी: आणि त्याच शब्दातून ‘पंचाईत’ निघाली, हेही दिसतं.

मार्केट यार्ड: पाच जण बसून ठरवायचं म्हणजे थोडी पंचाईत होणारच की.

चाकण फेज टू: सगळ्यांचे आभार. ‘पंचायत’ मनात बसला होता, पण पत्रकात घातला तर सरपंच कोण यावरून जुंपेल. ‘कारभारात कामगारांचा वाटा’ असं शीर्षक करून काल पाठवलं. बाबांना कारभार आवडला. आई त्यांना अजून ‘कारभारी’च म्हणते, त्यामुळे असेल. आज एचआरकडून मसुदा परत आलाय. ‘वाटा’भोवती लाल गोल, बाजूला टीप: ‘लोकांना बोनस वाटेल, कृपया सहभाग करावे.’