बायपासनंतर एक्स-रे चांगला आला, तरी सीटी कशासाठी?

मिरजेची लेक:
बाबा 64 वर्षांचे, 20 वर्षांपासून शुगर. बायपास होऊन आज 19 दिवस झाले. परवापासून खोकला आला की छातीत कट् असा आवाज येतो. उशी घट्ट धरून खोकतात, तरी येतो. जखमेच्या खालच्या टोकाला गॉज पिवळं होतंय. ताप 99.5 च्या वर नाही. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘फुप्फुसं स्वच्छ’ एवढंच लिहिलंय. सर्जन कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) करा म्हणतात. काका म्हणतात, एक्स-रे चांगला आलाय, उगाच खर्च कशाला? बाबाही त्यांच्याच बाजूने. मला रात्रभर झोप नाही. खरंच गरज आहे का?

रेडिओलॉजिस्ट, पुणे:
ताई, गरज आहे, आणि आजच करा. ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रे शोधा, नव्याशेजारी धरा आणि फक्त तारा बघा. छातीचं मधलं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. एखादी तार जागची सरकली किंवा फिरली असेल, तर हाड सुटत असण्याची शक्यता मोठी. तार तुटायलाच हवी असं नाही; ती हाड कापतही जाते. मधे बारीक काळी रेघ दिसली तर तेवढ्यावरून घाबरू नका, ती बऱ्याच जणांत असते.

हाडामागचा पू साध्या एक्स-रेत कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिथे थोडं पाणी, हवेचे बुडबुडे तसेही असतात, त्यामुळे तेव्हा सीटीवरून ठरवणं अवघड जातं. 19व्या दिवशी तेच दिसलं तर आम्ही ते गांभीर्याने घेतो. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि सीटी स्वच्छ आली तरी तो आवाज सर्जननी छातीवर हात ठेवून तपासलाच पाहिजे.

कोल्हापूरहून:
माझ्या मिस्टरांचं असंच झालं होतं. जखम वरून सुकलेली दिसत होती म्हणून आम्ही 8 दिवस नुसत्या गोळ्यांवर काढले. सीटीत हाडामागे पू निघाला. पुन्हा उघडून साफ केलं, व्हॅक (जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन) लावलं, मग छातीचा स्नायू फिरवून जागा भरली. आता शेतावर जातात. पण ते 8 दिवस मला अजून टोचतात. थांबू नका गं.

मिरजेची लेक:
जुनी फिल्म सापडली. खालून दुसरी तार डावीकडे सरकलीय, मलासुद्धा दिसतेय. दोन्ही फिल्म खिडकीला लावून काकांना दाखवल्या. तेच गाडी काढायला गेलेत.