लायनरचं कुणीच बोललं नाही

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, पंधरा दिवसांनी पाणी बदललं की झालं’ हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला मुळीच पटत नाही. कूलंट म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव. ते पाणी गोठू देत नाहीच, पण त्याने पाण्याचा उकळबिंदूही वाढतो. मे महिन्यात मालाने भरलेला ट्रक खलघाटकडून इंदूरला येताना भेरू घाट चढतो, तेव्हा त्याची किंमत कळते. शिवाय बोअरचं पाणी घातलंत तर पातेल्यात धरतो तसा पांढरा थर इंजिनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य सांगाड्यात, धरतो.

पण खरी धास्ती लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीची. मोठ्या इंजिनांत बहुधा वेट लायनर असतात, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे येतात, फुटतात, आणि लोखंड कणाकणाने खातात. कूलंटमधलं नायट्राइटसारखं रसायन लायनरवर पातळ कवच धरतं. नुसतं पाणी टाकत गेलं की ते रसायनच पातळ होतं. आमच्या एका गाडीची डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं. मिस्त्रीने लायनर उपसून दाखवला: एकाच बाजूला, वरपासून खालपर्यंत सुईने टोचल्यासारखी भोकं. एक आरपार गेलेलं. ती बाजू मी बोटाने चाचपून पाहिली, अजून आठवते.

तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, आणि कमी झालं तर वरून टाकायलाही तेच मिश्रण कॅनमध्ये भरून गाडीत ठेवतो. नायट्राइटवालं कूलंट असेल तर दर ऑइल बदलाला टेस्ट स्ट्रिप (रसायन किती उरलंय ते दाखवणारी पट्टी) कूलंटमध्ये बुडवून बघा. रसायन कमी असेल तरच घाला, जास्त झालं तर त्याचाच गाळ रेडिएटरमध्ये बसतो.