मदत हवी आहे: ताकेउची मारियाचा 'व्हरायटी' पूर्ण ऐकलेल्यांचं मत

'प्लास्टिक लव्ह' हे गाणं यूट्यूबवर ऐकून मी जपानी गायिका ताकेउची मारिया हिच्या 'व्हरायटी' (१९८४) या अल्बमपर्यंत पोचलो. सगळी गाणी तिनेच लिहिलेली, निर्मिती तिचा नवरा यामाशिता तात्सुरो याची. आतापर्यंत तीनदा सलग ऐकला. पहिलं 'मो इचिदो' लगेच आवडलं. पण दुसऱ्या क्रमांकावरचं 'प्लास्टिक लव्ह' संपलं की मला पुढे धागाच सापडत नाही: तिसरं गाणं चक्क इंग्रजीत, मग कुठे बोसानोव्हा (ब्राझीलची संथ, हलक्या तालाची शैली), कुठे जुन्या अमेरिकन पॉपचा बाज. प्रत्येक गाणं सुटं ऐकलं तर छान वाटतं, एकत्र मात्र विस्कळीत.

जपानी येत नाही. भाषांतराच्या अ‍ॅपवर शब्द पाहिले, पण भाव हाती लागला नाही. मतं शोधली तर सगळी 'प्लास्टिक लव्ह' या एकाच गाण्याबद्दल! बाकीच्या गाण्यांवर हा अन्यायच आहे.

मला सीडी विकत घ्यायची आहे (रेकॉर्ड प्लेअर नाही, म्हणून एलपी सुचवू नका). २०१४च्या तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत जादा गाणीही आहेत. ती आवृत्ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी सांगा: रीमास्टरमध्ये (मूळ ध्वनिमुद्रण नव्याने सुधारताना) मारियाचा आवाज मूळच्यासारखाच मऊ राहिलाय का? आणि हा अल्बम तुम्हाला एकसंध वाटतो का, वाटत असेल तर कोणत्या गाण्यापासून?