वादळानंतरची मदत फक्त होडीवाल्यालाच का?

खाडीकाठ: 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडात धडकलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण झोडपून गेलं. दोन्ही वेळा मच्छीमारांकडे पंचनामे झाले ते होड्यांचे नि जाळ्यांचे. नोंदणी ज्याच्या नावावर, पैसे त्याला. खलाशाचं काय? होडी बंद, की त्याचा मासळीतला वाटा बंद. कोळीण तर कागदावर कुठेच नाही. मे महिन्यात तिचे बोंबील, सुकट वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचे असतात. ते भिजले, की चार महिन्यांची कमाई गेली. मदत होडीमागे नको, माणसामागे द्या.

दर्यावर्दी: अजिबात पटत नाही. होडी दर्यात गेली तर खलाशाला वाटा, कोळणीला विकायला म्हावरं (मासळी). 2015 ते 2020 च्या केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या निकषांत पूर्ण मोडलेल्या होडीला 9,600 रुपये होते, जाळ्याला 2,600. त्यात इंजिनसुद्धा दुरुस्त होत नव्हतं! तेही वाटून टाकलं तर मालक व्यापाऱ्याकडून उचल घेणार, मग वर्षभर म्हावरं त्यालाच, तो सांगेल त्या दराने घालणार. आधी ही रक्कम वाढवा.

सुकीमासळी: नुसत्या होड्या दिल्या की काय होतं ते तमिळनाडूत दिसलं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या किनाऱ्यावर संस्थांनी फायबरच्या इतक्या होड्या वाटल्या, की त्या आधीपेक्षा जास्त झाल्या. होड्या वाढल्या, मासे तेवढेच. विकणाऱ्या बायकांकडे मात्र उशिरा लक्ष गेलं.

दर्यावर्दी: तिथे दान जास्त झालं, इथे पुरतच नाही. ही तुलना चुकीची आहे. आणि माणसं मोजणार कशी? रत्नागिरीच्या ट्रॉलरवर नेपाळचे खलाशी असतात, हंगाम संपला की गावी जातात. त्यांची नावं कुठली गावकी लिहून देणार? मग पुढाऱ्याच्या भाच्याचं नाव पहिलं.

खाडीकाठ: रक्कम तुटपुंजी आहे, हे शंभर टक्के मान्य, ती वाढायलाच हवी. पण मोजता येत नाही हे मान्य नाही. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली, त्यात खलाशीही आले. त्याच नोंदी मदतीसाठी काढा. जो परगावचा आहे त्याचं नाव तांडेलाकडून, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाकडून घ्या. आणि कोळणीसाठी बाजारात रोज फाडतात ती पावती पुरावा धरा. वाळत घातलेल्या मासळीचाही पंचनामा करा, भाताचा होतो तसा.