बगिच्यात पोहण्याचा हौद पाहिजे का? ग्रामसभेच्या आधी बोलून घ्या

पूर्णाकाठचा:
दर्यापूरकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या बगिच्यात पोहण्याचा हौद बांधायचं घाटत आहे. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, चार फूट खोल. १ मेच्या ग्रामसभेत विषय येईल. माझा विरोध आहे. एकदा भरायलाच सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर चोवीस! जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरने धरलं तर चार हजारांवर माणसांचं एका दिवसाचं पाणी. मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर उडालं तरी दोन हजार लिटर वेगळं. नळ पाचव्या दिवशी येते अन् आपण डुबक्या मारायच्या?

ट्यूबवाला:
भाऊ, गोडं पाणी कोण मागून राह्यलं? आपला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी पिता येत नाही, वांग्याले देता येत नाही. पोहायले चालते नं! समुद्रात लोकं पोहतच असतात.

मिस्तरी:
पोहायले चालते, मोटरीले चालत नाही. माझ्या घरची दोन वर्षांत गंजून गेली. हौदाचं तर पाणी उडते अन् मीठ तिथंच राह्यते, दर आठवड्याले आणखी खारं. वरून काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. खाली मुरूम नीट नाही भरला तर हौद तडकलाच समजा. अन् ते ब्लीचिंगचं खारं पाणी सोडसान कुठं?

ट्यूबवाला:
नाल्यात. अजून कुठं?

पूर्णाकाठचा:
नाला माझ्या वावराच्या धुऱ्यावरून जातो.

ट्यूबवाला:
हं, आता समजलं टँकर काहून मोजून राह्यले होते ते 😄

जुना सालदार:
हौद-बिद काही नको. आम्ही विहिरीत शिकलो. कमरेले सुका भोपळा बांधायचा, मामा वरून ढकलून द्यायचा. दोन दिवसांत पोट्टा तयार.

अंगणवाडीवाली:
काका, ढकललं ते पोट्ट्यांना. मी त्याच विहिरीच्या काठावर धुणं धुतलं, मला आजही पोहता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला पोरगा शेततळ्यात घसरला. तळ्यातली प्लास्टिकची पन्नी ओली, वर शेवाळ. काठाला हात लागे, पण पकडायला काही नाही. पन्नीवर त्याच्या नखांचे ओरखडे उमटले होते. चार हात मारता येत होते म्हणून तेवढा वेळ तरला. बैल घेऊन जाणाऱ्या एका भाऊनं दावं फेकलं. माझी पोरगी असती तर?

मिस्तरी:
ताई, मग आधी शेततळ्यांवर दोर अन् फुगवलेल्या ट्यूबा बांधा. हौदाच्या पैशात साऱ्या तालुक्याच्या होतील.

अंगणवाडीवाली:
बांधा की. कोणी अडवलं? आजवर एकाही तळ्यावर दोर पाहिला नाही मी. अन् दोर पकडेपर्यंत तरंगायचं कसं, ते कुठं शिकवणार? मी हौदाच्या बाजूनं आहे, पण सकाळचे दोन तास पोरींचे, भोवती भिंत, शिकवायला बाई, हे ठरावात लिहिलं तरच. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथं मांडणार आहे. नाही लिहिलं तर माझा हात विरोधात.

ट्यूबवाला:
लिहू ताई. मी स्वतः लिहून आणतो.

पूर्णाकाठचा:
अन् नाल्याचं?