टचवरचे पाच सेकंदांचे खेळ: कौशल्य की नुसती खाजवाखाजव?

बटणबहाद्दर (लोकमान्य नगर, इंदूर)

गणपतीत मुलांसाठी मिनिगेमचं टेबल लावायचंय. जो तो म्हणतो, घराघरांतले जुने डीएस-थ्रीडीएस (निन्टेंडोची हातात धरायची खेळयंत्रं) गोळा करा, स्टायलसचे, म्हणजे पडद्यावर टोचायच्या काडीचे खेळ लावा. माझा याला सरळ विरोध आहे.

वॉरिओवेअर ही निन्टेंडोची अशा झटपट खेळांची मालिका. त्यातला पहिला 2003 चा, जुन्या गेमबॉय ॲडव्हान्स यंत्रावरचा. प्लस-पॅड आणि ए बटण, बास. पडद्यावर एका शब्दाचा हुकूम येतो, चार-पाच सेकंदांत तो उमजून पाळायचा. चार चुका झाल्या की खेळ खलास. सगळी गंमत 'इथे करायचं काय' हे ओळखण्यात. मग 2 डिसेंबर 2004 ला जपानमध्ये डीएस आला आणि त्याच दिवशी वॉरिओवेअर टच्ड. त्यात एकेका पात्राकडे खेळांचा एकेक संच: मोनाकडे कापणं, जिमीकडे घासणं, ॲशलीकडे ओढणं, डॉक्टर क्रायगोरकडे गरगर फिरवणं. संच सुरू व्हायच्या आधीच हाताला काम ठाऊक. अर्धं कोडं सुटलेलं, उरली ती खाजवाखाजव. वर आपलाच पंजा पडद्यावर आडवा येतो.

बनवणाऱ्यांनाही ते उमगलं असावं. निन्टेंडोच्या नंतरच्या स्विच यंत्रावर याच मालिकेतला 2021 चा गेट इट टुगेदर आला तो बटणांवर, 2023 चा मूव्ह इट आला तो हातवाऱ्यांवर. टच गेला कुठे?

दोन_पडदे

टच कुठे गेला नाही, स्विच डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खोबणीत गेला. डॉकमध्ये बसवल्यावर पडद्यापर्यंत बोट पोचतच नाही. मग टीव्हीवरही चालला पाहिजे असा खेळ टचवर बेतणार कोण? ही यंत्राच्या घडणीची अडचण आहे.

आता 'अर्धं कोडं' म्हणालात त्याबद्दल. बटण दाबलं किंवा नाही दाबलं, दोनच उत्तरं. डीएसचा खालचा पडदा 256 बाय 192, म्हणजे 49,152 ठिपके. कधी, कुठे, कोणत्या वाटेने आणि संपर्क न तुटता, चारही गोष्टी एकदम जमाव्या लागतात. वेग वाढला की घाईत नेम चुकतो, नेम धरला की वेळ संपते. ही ओढाताण एका बटणात येत नाही. कापण्याचेच खेळ घ्या: स्टायलस हलका धरून झपकन ओढला तर मधेच संपर्क तुटतो, एका रेघेच्या दोन होतात आणि काप फुकट जातो. वेग वाढला तरी दाब तोच ठेवणं हे कौशल्य नाही तर काय?

आणि हुकूम आधी कळतो ही तक्रार असेल, तर 2018 चा थ्रीडीएसवरचा वॉरिओवेअर गोल्ड लावा. 300 खेळ, बटणं, यंत्र तिरकं करणं आणि टच, तिन्ही प्रकार. मिसळीच्या फेरीत आत्ता हातात स्टायलस हवा की अंगठा ए वर हवा, इथपासून सुरुवात.

शेवपोहे_जलेबी

भिया, इंदुरात टेबल लावायचं तर आधी हातांचा विचार करा. भाद्रपदातली दमट हवा, मुलांचे तळवे घामट, आणि शेजारी पोहे-शेव असणारच. स्विचचा पडदा फोनसारखा, बोटातल्या विजेच्या बदलावर चालतो. ओलसर बोटाने तो चुकतो, टोकदार प्लास्टिकचा स्टायलस तर त्याला कळतच नाही. डीएस-थ्रीडीएसचा पडदा दाबावर चालतो. दोन पातळ वाहक थर, मध्ये बारीकशी पोकळी. दाबलं की थर टेकतात. यंत्र एका थरावर व्होल्टेज देऊन दुसऱ्यावर मोजतं, आडवी जागा कळते, मग अदलाबदल करून उभी. तेल-घामाने त्याला काही फरक पडत नाही.

शेवेने मात्र पडतो! चुरा चौकटीच्या कडेखाली शिरला की तिथे कायमचा दाब राहतो. यंत्राला वाटतं कोपऱ्यात कोणीतरी बोट ठेवलंय. मग मध्यभागी टोचलं तरी नोंद होते त्या दोन बिंदूंच्या मधल्या जागेची, कारण या पडद्याला एका वेळी एकच बिंदू समजतो. तळहात टेकवून खेळणाऱ्यांचंही हेच होतं आणि दोष स्टायलसला लागतो.

बटणबहाद्दर

हेच तर म्हणतोय मी! तुम्ही माझीच बाजू मांडली, धन्यवाद. एका डीएसच्या कडेत शेव, दुसऱ्याची फिल्म घासलेली, तिसऱ्यावर जेल रोडच्या बाजारातून आणून कापून चिकटवलेला फोनचा जाड स्क्रीनगार्ड. गुण कोणाचे मोजणार, मुलाचे की पडद्याचे? घासायचे आणि फिरवायचे खेळ पडद्याच्या त्याच मधल्या पट्ट्यात होतात, तिथलाच थर आधी थकतो. ए बटण बिघडलं तर निदान सगळ्यांना दिसतं.

स्टायलस_सांभाळा

पडद्याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. डीएस किंवा त्याचेच पुढचे प्रकार लाइट, डीएसआय असेल तर त्यातलाच पिक्टोचॅट (चित्र काढून पाठवायची सोय) उघडा. थ्रीडीएस असेल तर होम मेन्यूवरच्या पेन्सिलच्या चिन्हाने वही उघडते. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, मग चारही कडांना लागून एक चौकट. हात सावकाश, दाब नेहमीचा.

रेघ सलग पण सरकलेली आली, म्हणजे काढता एकीकडे आणि उमटते दुसरीकडे, तर नुसतं कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची आणि चित्राची जागा जुळवणं, बिघडलंय. सेटिंगमध्ये जाऊन दाखवलेल्या खुणांच्या अगदी मध्यावर स्टायलसचं टोक टेकवायचं. बोटाने करू नका, बोटाचा मध्य तुम्हालाच कळत नाही. यंत्र टेबलावर सपाट ठेवून करा. रेघ एकाच जागी दर वेळी तुटत असेल तर तिथला थर गेला. ते यंत्र बाजूला. रेघ एका कोपऱ्याकडे ओढल्यासारखी वाकली तर कडेला कचरा, किंवा संरक्षक फिल्मची कड चौकटीखाली अडकलेली. फिल्म काढा, कोऱ्या कागदाची पट्टी कडेतून हलकेच फिरवा, पुन्हा रेघा. सुई-टाचणी घालू नका, वरचा थर फाटतो. आणि फोनची काच तर या पडद्यावर लावायचीच नाही, दाब खाली पोचतच नाही.

या परीक्षेला उतरलेली चार यंत्रं मिळाली तरी टेबल चालेल. सगळ्या मुलांनी त्याच चार यंत्रांवर आळीपाळीने खेळायचं, मग पडद्याचा वाद उरत नाही.

दोन_पडदे

यात एक भर. डीएसची साधी कार्ट्रिज (खेळाची चकती-पेटी) कुठल्याही देशाची चालते, थ्रीडीएसची चालत नाही. जपानी गोल्ड अमेरिकन यंत्रात घातली तर सुरूच होणार नाही. आणि थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झालं, तेव्हा आयत्या वेळी विकत घेऊन उतरवू म्हणाल तर तो रस्ता नाही.

बटणबहाद्दर

मान्य, यंत्रं तपासता येतात. पण रिदम हेवन या निन्टेंडोच्याच तालाच्या खेळातल्या टिचकीचं काय? डीएसवर तो 2008 मध्ये जपानला आला. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं आणि तालावर स्टायलसने पडद्यावर टिचकी मारायची. निम्मे लोक ताल बरोबर असून नापास. पुढचा 2011 चा, टीव्हीला जोडायच्या वी (Wii) यंत्रावरचा खेळ त्यांनी ए आणि बी बटणांवर आणला. थ्रीडीएसवर तर टचचा पडदा हाताशी असूनही बटणं दिली, टच ठेवला तो साध्या टॅपचा. टिचकी चांगली होती तर काढली का?

स्टायलस_सांभाळा

टिचकी चुकते कारण लोक ती रेघ समजून मारतात. यंत्र टिचकी मोजतं स्टायलस पडदा सोडतो त्या क्षणी, आणि सोडताना तो वेगात असला पाहिजे. लांब रेघ ओढली तर सुटायला उशीर, म्हणजे तालाच्या मागे. शेवटी थांबून उचलला तर टिचकी नाहीच, नुसता उचलला. रेघ बोटाच्या पेराएवढीच ठेवा, मनगट न हलवता बोटांनी, कॅरम खेळल्यासारखी. एकदा लय बसली की जमते. अर्थात नवख्या मुलांच्या टेबलावर ती नको, इथे मी बहाद्दरांच्या बाजूने.

शेवपोहे_जलेबी

मग वॉरिओवेअर डी.आय.वाय. का नाही? जपानात 2009, बाहेर 2010, डीएसवरच. त्यात खेळ आपणच बनवायचा आणि बनवलेल्या खेळात फक्त टॅप चालतो. ओढणं नाही, घासणं नाही, टिचकी नाही.

उंदीर मोदक पळवतोय असा खेळ घ्या. पार्श्वभूमीवर पाट आणि आरास काढा. उंदीर ही एक वस्तू, तिला डावीकडून उजवीकडे चाल द्या. अट: उंदरावर टॅप झाला. परिणाम: त्याचं चित्र बदलून पळालेला उंदीर, आणि त्याचा स्विच (यंत्र नव्हे, खेळातली चालू-बंद खूण) चालू. जिंकण्याच्या अटीत लिहायचं, उंदराचा स्विच चालू असला पाहिजे. लोक गडबडतात ते इथेच: चित्र बदलतात, स्विच विसरतात, मग उंदीर पळाला तरी खेळ म्हणतो हरलात. दुसरी चूक, उंदीर दहा ठिपक्यांचा काढायचा. वेग वाढल्यावर तो कोणालाच सापडत नाही. मोदकापेक्षा उंदीर मोठा काढा, विचित्र दिसला तर दिसू दे.

बटणबहाद्दर

म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच टच एका टॅपवर आणून ठेवला. टॅप म्हणजे बटणच की, फक्त जागा बदलणारं!

दोन_पडदे

जागा बदलते म्हणूनच तो बटण नाही. धावत्या उंदरावर ए दाबून दाखवा.

बटणबहाद्दर

दाखवतो, थोडा पुढे नेम धरून.

ठीक आहे, चार यंत्रं, रेघांची परीक्षा, दोनांवर उंदीर, दोनांवर गोल्डची मिसळ. टिचकी नाही. आणि टच्ड कोणी आणलाच तर त्यातला माइक या पात्राचा, मायक्रोफोनवर फुंकर मारायचा संच आधीच वगळा. मायक्रोफोनला फुंकर आणि आवाज यातला फरक कळत नाही; बाहेर ढोल सुरू झाला की कोणी न फुंकताच खेळ जिंकले जातील.

शेवपोहे_जलेबी

आणि पोह्यांचं टेबल?

स्टायलस_सांभाळा

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. शेव वेगळ्या वाटीत, खेळून झाल्यावर.